वेठीचा खांब

लालसू हा माणूस उभ्या जन्मात कोणाला नाही म्हणाला नाही. याला तुम्ही चांगुलपणा म्हणा, मी त्याच्या तोंडावर वेडेपणा म्हणत आले. एकदाच तो नाही म्हणाला, आणि तेही देवाच्या कामाला. त्याचीच ही गोष्ट आहे.

मी मीराबाई. पोंभुर्ण्याहून गोंडपिपरीकडे जाताना जंगलाला लागून आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला आम्हा ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थना मंदिर. मंदिर म्हणजे काय, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर आणि दारात एक घंटा. माझा नवरा तिथे उपासना चालवणारा पाळक होता. तो देवाघरी गेला, नवा पाळक आला, पण किल्ली माझ्याकडेच राहिली. झाडलोट माझ्याकडे, दिवाबत्ती माझ्याकडे, आणि रविवारी कोण आलं नाही ते बघून त्याच्या दारात जाऊन बोलणंही माझ्याकडेच. मी फटकळ आहे हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. नवे पाळक गुणवंतराव मला जरा दबूनच असत. पोरगेलासा माणूस, लग्नही झालेलं नव्हतं, बोलायचा मात्र छान.

लालसू गोंड. त्याच्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा लालसू रांगत होता, म्हणजे तो ख्रिस्ती म्हणूनच वाढला. धंदा लाकडाचा. जंगलात जिथे तोड चालू असेल तिथे जायचं, झाड पाडायचं, वाकसानं तासून चौकोनी करायचं, ओंडके ओढून रस्त्यापर्यंत आणायचे. अंगानं दांडगा, बोलायला मुका म्हणावं इतका कमी. तरुणपणी त्यानं वेठ फार वाहिली. तेव्हा असंच होतं बाप्पा, कुठला तरी साहेब दौऱ्यावर निघाला की शिपाई रस्त्यात उभा राहायचा, आणि शेतातून, जंगलातून येणारा जो दिसेल त्याला धरायचा. साहेबाचा तंबू, पेट्या, खाट, सगळं डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत चालायचं. मजुरी नाही, पाणीही कोणी विचारायचं नाही. लालसू दिसायला तगडा, म्हणून हमखास त्यालाच धरत. तो घरी येऊन एवढंच सांगायचा की आज वेठीत गेलो. राग नाही, रडगाणं नाही. त्याच्याऐवजी मीच चिडायची.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभू येशूला वधस्तंभावर दिलं त्या दिवशी, आम्ही नाल्यापासून मंदिरापर्यंत सागाचा मोठा वधस्तंभ वाहून आणतो. गावात सगळे त्याला खांबच म्हणतात. खांब एकाच माणसानं आणायचा. त्यानं आदल्या संध्याकाळपासून उपास धरायचा, मनाची तयारी करायची, आणि खांब दारात टेकवला की मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची, की हा वधस्तंभ माझ्यासाठी काय आहे. कोणी म्हणायचं माझी दारू सुटली, कोणी म्हणायचं माझं दुखणं बरं झालं. लालसूनं हा खांब कितीतरी वर्षं आणला. साक्ष मात्र त्याची दर वर्षी एकच, प्रभूनं माझ्यासाठी वझं उचललं, आमेन, आणि खाली बसायचा. बायका हसायच्या.

दुसरी रीत कबरीची. आमच्याकडे कबरीवरचा क्रूस घरच्या माणसानं आपल्या हातानं घडायचा आणि पहिला पाऊस पडायच्या आत गाडायचा. पावसानं मातीचा ढीग बसतो, डुकरं उकरतात, आणि खूण नसली तर पुढच्या वर्षी कोण कुठे आहे ते कळत नाही. ज्या घरात माणूस उरलेला नसे त्यांचा क्रूस लालसू घडून द्यायचा. माझ्या नवऱ्याचाही त्यानंच घडला. सुरेख जोड बसवायचा, खिळा न मारता.

सत्त्याऐंशी साल उजाडायच्या आधीच्या हिवाळ्यात लालसूचा पोरगा सोमा गेला. एकुलता एक. मिसरूड फुटायला लागलं होतं, बापाबरोबर लाकडावर जायला लागला होता. धान कापणीच्या दिवसांत ताप आला, आणि तो डोक्यात चढला. बैलगाडीत घालून आम्ही त्याला मूल गावच्या दवाखान्यात न्यायला निघालो. मी गाडीत होते. लालसू बैल हाकत होता आणि बुधरी, त्याची बायको, पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रस्त्यातच सगळं संपलं. बुधरीनं हंबरडा फोडला. लालसूनं गाडी थांबवली, मागं वळून बघितलं, खाली उतरला आणि बैलांची तोंडं गावाकडे फिरवली. मला वाटलं, घरी जाऊन कोसळेल. नाही कोसळला. खड्डा खणला, पोराला ठेवलं, माती लोटली, हातपाय धुतले आणि जेवायला वाढलं ते जेवला.

तेव्हापासून तो तसाच राहिला. कामाला जायचा, यायचा, दिलं ते खायचा. बोललं तर उत्तर द्यायचा. पण त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. मी त्याला हटकायची, अरे रड की रे मेल्या, दगड झालास का. तो म्हणायचा, येत नाई बाई. एवढंच. बुधरी माझ्याकडे येऊन रडायची, पदर तोंडात कोंबून. त्याच्यासमोर ती रडत नसे. म्हणायची, त्यायच्या डोळ्याले पाणी नाई आणि मी कशी रडू, मी रडली तं मलेच लाज वाटते. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांची कीवही यायची.

समाचाराला माणसं येत होती. एक दिवस गुणवंतराव आले. मनानं चांगले होते, त्यांना खरंच काही तरी करावंसं वाटत होतं. त्यांनी लालसूच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की देवानंही आपला एकुलता एक पुत्र वधस्तंभावर दिला, तुझं दुःख त्याला कळतं, तूही तुझा पुत्र देवाला दिलास असं मनात धर. मी तिथेच चहा गाळत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत लालसूच बोलला, अगदी सपाट आवाजात.

"पाळक, देवानं आपल्या मनानं देल्लं. माह्यं पोरगं नेतानी मले कोनी इचारलं नाई."

गुणवंतरावांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. लालसू काही भांडायला बोलला नव्हता. चहा झाला, ते उठून गेले. त्यानंतर लालसू मंदिरात येईना. मी दारात जाऊन बोलले, हातवारे करून बोलले, सगळी आळी ऐकत होती. तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या रविवारी येत नसे.

खरी काळजी होती ती कबरीची. सोमाच्या क्रूसासाठी लालसूनं साग आणून ठेवला होता. उभं लाकूड घडून झालं होतं, आडवंही झालं होतं, जोड तेवढा बसवायचा राहिला होता. ती दोन लाकडं अंगणात मांडवाखाली पडून होती. बुधरी रोज त्यांच्याभोवती झाडायची. होळी झाली, ऊन तापायला लागलं, तरी लाकडं तिथेच. तिनं सांगून बघितलं, हातापाया पडून बघितलं. तिच्या माहेरच्या, ख्रिस्ती न झालेल्या भावांनी निरोप पाठवला, की तुमच्यानं होत नसेल तर आमच्या रीतीनं आम्ही पोराच्या नावानं दगड उभा करतो. तिनं तो निरोप लालसूला सांगितला. त्यावरही तो करा म्हणाला नाही आणि नका करू म्हणाला नाही. मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाई, पावसात माह्या पोराची जागा बुजून जाईन, मंग मी कुठी जाऊन बसू.

मी तडक त्याच्या अंगणात गेले आणि विचारलं, तुझे हात मोडले का. लोकांच्या कबरींना क्रूस घडतोस, पोटच्या पोराला काऊन नाही? त्यानं त्या दोन लाकडांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, तो खांब कायचा आहे, ते मले आता समजत नाई. लोकायचा होता तवा समजत होतं. समजल्याबिगर सोमाच्या छातीवर कसा गाडू?" पाळकाची बायको म्हणून मी आयुष्यभर तारण, प्रायश्चित्त, पापक्षमा हे शब्द ऐकत आले होते. ते मी मानते, आजही मानते. पण त्या अंगणात उभं राहून त्यातला एकही शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी घरी आले आणि विनाकारण कोंबड्यांवर खेकसले.

उत्तम शुक्रवार जवळ आला. गुणवंतरावांनी लालसूला निरोप दिला, की खांब दर वर्षीसारखा तूच आण, त्यानं तुला बळ मिळेल. तेव्हा तो पहिल्यांदा नाही म्हणाला. म्हणाला, साक्ष द्यायला माझ्याजवळ काही नाही, खोटं बोलायला मी देवाच्या दारात येणार नाही. बरोबरच होतं त्याचं. मग वारलूनं उपास धरला. वारलू म्हणजे आमचा घंटा वाजवणारा म्हातारा, गुडघ्यानं अधू, पण हौस दांडगी. मी म्हटलं, अरे बाबा, तुझ्यानं होणार नाही. तर म्हणतो, प्रभू उचलीन. मी म्हटलं, प्रभू उचलेल, पण तुझे गुडघे कोण उचलणार.

ते दिवस मोहाचे. पहाटेपासून सगळं गाव जंगलात, फुलं वेचायला. जवान माणसं एकजात मोहावर गेलेली, त्यामुळे नाल्याजवळ जमलो ते आम्ही म्हातारे आणि बायका. बुधरी आली होती. ती एकही रविवार चुकवत नसे, नवरा नसला तरी. ऊन चढलं होतं. वारलूनं खांब खांद्यावर घेतला आणि आम्ही गाणं म्हणत मागं चालायला लागलो. नाल्याचा चढ तो कसाबसा चढला. वर आला आणि बसला. उठला, थोडं चालला, परत बसला. तिसऱ्यांदा बसला तो तोंडावरच पडला. ओठ फुटला. खांब त्याच्या पाठीवर. आम्ही बायकांनी तो बाजूला केला, वारलूच्या तोंडावर पाणी मारलं. गुणवंतराव खांब उचलायला वाकले, एक टोक उचललं आणि ठेवलं. आता काय करावं ते कोणालाच सुचेना. रीत मोडायची, दोघांनी मिळून न्यायचा, की इथेच प्रार्थना करून परत जायचं?

तेवढ्यात जंगलाच्या पायवाटेनं लालसू आला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोहफुलांनी भरलेलं टोपलं. आम्हाला बघून तो बाजूला सरला, वाट द्यायला उभे राहतात तसा. त्याच्या तोंडावर तेच, काही नाही. खांब पडलाय, म्हातारा पडलाय, बायको समोर उभी आहे, आणि हा गडी आम्ही कधी पुढे जातो त्याची वाट बघत उभा.

माझं डोकं फिरलं. कोणावर फिरलं ते सांगता येत नाही. वारलूच्या हौसेवर, पाळकावर, या मुक्यावर, सोमाला नेणाऱ्या देवावरसुद्धा फिरलं, मी लपवत नाही. मी सरळ गेले आणि लालसूचं मनगट धरलं.

"ठेव ते टोपलं आणि हा खांब उचल."

गुणवंतराव घाईनं म्हणाले, की मीराबाई, त्याचा उपास नाही, मनाची तयारी नाही, असं जबरदस्तीनं कसं. मी म्हटलं, मनाची तयारी गेली चुलीत, म्हातारा मरतोय इथे. आजही तशी वेळ आली तर मी तेच करीन.

लालसूनं माझ्याकडे बघितलं, मग खांबाकडे बघितलं. टोपलं खाली ठेवलं. डोक्यावरची चुंबळ काढून खांद्यावर ठेवली, वाकला, आणि खांब उचलला. बुधरीनं ते मोहाचं टोपलं आपल्या डोक्यावर घेतलं. आम्ही निघालो. गाणं कोणी पुन्हा सुरू केलं नाही. तो पुढे चालत होता, ना हळू ना भराभर, ओंडका न्यावा तसा. रस्ताभर मी त्याच्या पाठीकडे बघत होते, आणि खरं सांगते, मला काही भक्तिभाव वगैरे वाटला नाही. घाम दिसत होता, बस.

दारात त्यानं खांब टेकवला आणि मंदिरात सगळ्यात मागं, दाराजवळ जाऊन बसला. साक्ष कोणी मागितली नाही. गुणवंतरावांनी त्या दिवसाचं वाचन सुरू केलं. रात्रभर जागवलेला, चाबकानं फोडलेला प्रभू स्वतःचा वधस्तंभ घेऊन निघतो, तिथून पुढचं. मग ते आलं. शिपायांनी शेताकडून येणाऱ्या एका परक्या माणसाला वाटेत धरलं आणि तो वधस्तंभ वाहायला त्याला वेठीला लावलं. दर वर्षी हे वाचतात. दर वर्षी आम्ही ऐकतो आणि पुढचं ऐकायला लागतो, कारण खिळे पुढे आहेत, रक्त पुढे आहे.

मागून लालसूचा आवाज आला. वाचन चालू असताना आमच्याकडे कोणी बोलत नाही. त्यानं विचारलं, तो माणूस कोण होता. गुणवंतरावांनी मान वर केली. रागावले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, शिमोन नावाचा होता, लांबून आलेला, प्रभूला तो ओळखतही नव्हता, वाटेत सापडला म्हणून धरला.

"मंग त्यानं साक्ष देल्ली का?"

गुणवंतरावांनी पान पुन्हा बघितलं. म्हणाले, नाही, तो काही बोलल्याचं सांगितलेलं नाही. त्याच्या दोन मुलांची नावं आहेत, तेवढीच. मुलं म्हटल्यावर बुधरीनं मान खाली घातली. लालसू उठला. त्याच्या शर्टाला खांद्यावर सागाची धूळ होती. तो आमच्याकडे न बघता बोलला.

"मले वेठ माहीत आहे. वेठीत मन लागत नाई. मनात काईच नसलं तरी वझं जाते. आज मी तसाच आनलो. माह्या मनात तवाबी काई नव्हतं, आताबी नाई. पन एक समजलं. देवाच्या पोराले बी तो खांब झेपला नाई. झेपला असता तं वाटच्या मानसाले कायले धरलं असतं?"

एवढं बोलून तो खाली बसला. आमेन म्हणाला नाही. गुणवंतरावांनीच हळू आवाजात आमेन म्हटलं. वारलू फुटक्या ओठानं म्हणाला. माझ्या नवऱ्यानं त्या खांबावरून किती उपदेश केले, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात प्रभू तो आपल्या बळानं पेलतोय असाच असायचा. ज्याला झेपलं नाही, जो पडला, ज्याचं ओझं एका अनोळखी माणसानं मन नसताना वाहिलं, तोही देवच, हे मी इतकी वर्षं दिवाबत्ती करून कधी मनावर घेतलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरावरून गेले तेव्हा लालसू मांडवाखाली बसून आडव्या लाकडाची खाच कोरत होता. मी थांबले नाही. थांबले असते तर काही तरी बोलले असते.

पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी आमची मंडळी कबरस्तानात जाते, गाणी म्हणते, आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहते. त्या दिवशी लालसू क्रूस खांद्यावर घेऊन आला. सोमाच्या उशाशी खड्डा केला, क्रूस उभा केला, बुधरीला धरायला लावला आणि माती लोटून पायानं चेपली. लांब जाऊन सरळ आहे का ते बघितलं. गुणवंतरावांनी प्रार्थना केली आणि मंडळी पुढच्या कबरीकडे गेली. मी नवऱ्याच्या कबरीजवळ होते, म्हणजे दोघांपासून हाकेच्या अंतरावर.

बुधरीनं क्रूस अजून सोडला नव्हता. तिचे खांदे हलायला लागले. लगेच तिनं पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर तेच होतं. ती क्रूस सोडून निघायला लागली. तेव्हा लालसूनं तिच्या तोंडावरचा पदर आपल्या हातानं बाजूला केला.

"मले येत नाई, बुधरी," तो म्हणाला. "माह्या वाटचं बी तूच रड."

ती मातीत बसली आणि रडली, मोठ्यानं, दोघांचं मिळून. लालसू क्रूसाला हात लावून उभा राहिला आणि तिचं होईपर्यंत तिथून हलला नाही.